विटांचं राज्य : तोरुन ते क्राकुफ

पहिला दिवस : तोरुन

तोरुनच्या किल्ल्यात आता बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही. व्हिस्तुला नदीच्या काठी, जुनं गाव आणि नवं गाव यांच्या मधोमध, कमरेएवढ्या विटांच्या भिंती, उघडी पडलेली तळघरं आणि चौकाचा अंदाज येईल एवढा पाया दिसतो. धड उभा आहे तो एकच बुरूज, आणि तो लढाईसाठी बांधलेला नाही. तो किल्ल्यातला संडास होता. खालून ओढ्याचं पाणी वाहायचं आणि मुख्य इमारतीतून तिथवर कमानीवरून जाणारी झाकलेली वाट होती. किल्ला पाडणाऱ्यांनी तेवढाच बुरूज सोडला.

पाडणारे कोण होते, हे कळलं तेव्हापासून मला इथे यायचं होतं. १४५४ च्या फेब्रुवारीत तोरुनच्याच नागरिकांनी हा किल्ला ताब्यात घेतला आणि उतरवला. याच नागरिकांच्या पूर्वजांना ट्युटॉनिक ऑर्डर या जर्मन लढाऊ धर्मसंघाने जर्मन मुलखातून जमिनी आणि हक्क देऊन इथे आणून वसवलं होतं. दोघांची भाषा एक, धर्म एक, चर्चही एक. तरी सव्वादोनशे वर्षांत अशी वेळ आली की आपल्याच राज्यकर्त्यांचा किल्ला लोकांना डोळ्यांसमोर नको झाला. हे का झालं, याचा माग काढत फिरायचं असं ठरवूनच मी पोलंडला आलो.

या ऑर्डरचा जन्म युरोपातला नाही. तिसऱ्या क्रुसेडच्या वेळी, ११९० मध्ये, पॅलेस्टाइनमधल्या अक्को शहराला वेढा पडलेला असताना ब्रेमेन आणि ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांनी जखमी जर्मन सैनिकांसाठी एक दवाखाना उघडला. आठ वर्षांत त्या दवाखान्याची लढाऊ संघटना झाली. पांढरा झगा, त्यावर काळा क्रूस. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशा तीन शपथा. पण पवित्र भूमीत टेम्पलर आणि हॉस्पिटलर या जुन्या संघांपुढे यांना फार वाव नव्हता. १२११ मध्ये हंगेरीच्या राजाने सरहद्द राखायला बोलावलं. तिथे यांनी स्वतःचं राज्य थाटायला घेतल्याचं दिसताच १२२५ मध्ये त्यानेच हाकलून लावलं.

तेव्हाचा ग्रँडमास्टर, म्हणजे ऑर्डरचा प्रमुख, हेर्मान फॉन साल्झा मोठा धोरणी माणूस. पुढच्याच वर्षी पोलंडमधल्या माझोव्हियाच्या कोनराड या सरदाराने त्याला मदतीला बोलावलं. शेजारच्या प्रशियन टोळ्या कोनराडच्या मुलखावर धाडी घालत होत्या. साल्झाने या वेळी आधी कागद पक्के केले. १२२६ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिककडून सनद मिळवली : जो मुलूख जिंकाल तो तुमचा. पुढे १२३४ मध्ये पोपने तो मुलूख सेंट पीटरच्या मालकीचा ठरवून ऑर्डरकडे सोपवला. ज्यांच्या जमिनीचं हे वाटप चाललं होतं त्या प्रशियन लोकांना कुणी काही विचारलं नाही. बाल्टिक किनाऱ्यालगतच्या जंगलांत आणि तळ्यांच्या काठी राहणारे, लिथुआनियन आणि लाटव्हियन लोकांचे भाऊबंद असलेले हे लोक स्वतःच्या देवतांना भजत होते.

१२३१ मध्ये ऑर्डरने व्हिस्तुला ओलांडली आणि तोरुन वसवलं. दोन वर्षांनी तोरुन आणि खेल्म्नो यांना सनद मिळाली. आपला न्याय आपण करायचा, मापं ठरलेली, जमिनीचा हक्क वारसाने चालणार. प्रशियातली बहुतेक नगरं पुढे याच कायद्याने वसली. तलवारीने मुलूख घेतला खरा, पण तो टिकवला या कागदाने, असं मला वाटतं.

अवशेषांना लागूनच नागरिकांचं एक विटांचं सभागृह आहे, १४८९ चं. पाडलेल्या किल्ल्याच्याच विटा त्यात वापरल्या आहेत. मी बराच वेळ त्या भिंतीला हात लावून उभा होतो. वीट आपल्याकडच्या विटेपेक्षा चांगलीच मोठी, वीतभराहून लांब, कडा झिजून गोल झालेल्या. काही विटा भट्टीत जास्त भाजून काळ्या झालेल्या, अन् गवंड्याने त्या वाया न घालवता भिंतीत नक्षीसारख्या बसवलेल्या.

संध्याकाळी गावात फिरलो. कोपर्निकसचं जन्मगाव म्हणून इथे गर्दी असते. त्याच्या आईचे वडील, वाट्झेनरोड आजोबा, ऑर्डरच्या कट्टर विरोधकांपैकी एक होते, हे मात्र फलकावर सहसा कुणी वाचत नाही. आलं, लवंग, दालचिनी घातलेल्या इथल्या प्रसिद्ध पेर्निक बिस्किटांचा पुडा भाचीसाठी घेतला.

दुसरा दिवस : खेल्म्नो आणि क्विजिन

भाची नोकरीनिमित्त ग्दान्स्कला असते. ती सकाळी गाडी घेऊन तोरुनला आली आणि आम्ही नदीच्या कडेकडेने उत्तरेला निघालो. मे महिना, दोन्ही बाजूंना मोहरीच्या जातीच्या पिकाची पिवळीधमक शेतं. खेल्म्नोला तासभर थांबलो. टेकडीवरचं छोटं गाव, जवळपास अखंड तटबंदी, चौकातलं देखणं नगरभवन. गाव छान आहे, पण मला घाई क्विजिनची होती.

क्विजिनला कॅथेड्रल आणि किल्ला एकाच अंगाला चिकटून उभे आहेत. हा किल्ला ऑर्डरच्या सरदारांचा नव्हे, बिशपच्या पुरोहितमंडळाचा. किल्ल्यातून एक लांबच लांब झाकलेली वाट उंच कमानींवरून निघते आणि पन्नास मीटरहून दूर असलेल्या एका बुरुजापाशी संपते. तोही शौचकूपच. भाची म्हणाली, "मामा, एवढ्यासाठी एवढं बांधकाम?" खाली उभं राहून वर पाहिलं की खरंच छाती दडपते. या लोकांचं बांधकामाचं शास्त्र केवढं पक्कं होतं याचा हा सगळ्यात सरळ पुरावा आहे.

पण क्विजिनला यायचं खरं कारण कॅथेड्रलमध्ये आहे. २००७ मध्ये इथल्या उत्खननात तीन माणसांचे अवशेष मिळाले. संशोधकांच्या मते ते तीन ग्रँडमास्टरांचे आहेत : वेर्नर फॉन ओर्सेल्न, लुडोल्फ क्यॉनिग आणि हाइनरिख फॉन प्लाउएन. ओर्सेल्नचा १३३० मध्ये मालबोर्कच्या किल्ल्यात ऑर्डरच्याच एका माणसाने खून केला. प्लाउएनची कथा तर याहून चटका लावणारी. १४१० मध्ये ग्रुनवाल्डला पोलंड-लिथुआनियाकडून झालेल्या पराभवानंतर ऑर्डरची राजधानी मालबोर्क राखली ती यानेच, आणि तीनच वर्षांत स्वतःच्या सहकाऱ्यांनी त्याला पदावरून उतरवून कैदेत टाकलं. ज्याने राज्य वाचवलं त्याच्याशी हे राज्य असं वागलं.

आणि १४४० मध्ये याच क्विजिनमध्ये प्रशियातली नगरं आणि स्थानिक जमीनदार एकत्र आले आणि त्यांनी आपला संघ काढला. ऑर्डरने आपल्या हक्कांवर आणखी अतिक्रमण केलं तर एकमेकांच्या पाठीशी उभं राहायचं, असा तो करार होता. त्यांची तक्रार समजून घ्यायला हवी. ऑर्डरचे धर्मबंधू जर्मनीतून यायचे. ते ब्रह्मचारी, त्यामुळे त्यांना मुलंबाळं नाहीत. एक पिढी गेली की पुढची पुन्हा जर्मनीतूनच. इथे जन्मलेल्या, इथे शेती आणि व्यापार करणाऱ्या माणसाच्या मुलाला ऑर्डरची दारं जवळजवळ बंदच. म्हणजे कर इथल्यांनी भरायचे, लढायला इथल्यांनी जायचं आणि कारभार कायम बाहेरून आलेल्यांनी करायचा. वर ऑर्डर स्वतःच धान्याचा आणि अंबरचा, म्हणजे दगड झालेल्या राळेचा, मोठा व्यापारी. ज्याच्याकडे कर भरायचा तोच बाजारात स्पर्धक! हे राज्य आतून पोखरत गेलं ते इथे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा दिवस : मालबोर्क

नोगात नदीच्या पलीकडच्या काठावरून मालबोर्क पहिल्यांदा पाहावा, असं सगळे सांगतात ते अगदी खरं आहे. सह्याद्रीतले किल्ले पाहत वाढलेल्या माणसाला आधी प्रश्न पडतो : डोंगर कुठाय? इथे डोंगर नाही, कडा नाही, कातळ नाही. सपाट मैदान, एक संथ नदी आणि त्या नदीकाठी माणसाने मातीतून भाजून उभा केलेला लाल डोंगर. सुमारे २१ हेक्टर. क्षेत्रफळाने जगातला सगळ्यात मोठा किल्ला म्हणून याचं नाव घेतात. १९९७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला.

बांधकाम तेराव्या शतकाच्या सत्तरीत सुरू झालं. १२९१ मध्ये अक्को पडलं आणि ऑर्डरचं मुख्यालय व्हेनिसला गेलं. १३०७ मध्ये फ्रान्सच्या राजाने टेम्पलरांची धरपकड केली, तेव्हा बाकीच्या संघांनाही धडकी भरली असणार. १३०९ मध्ये ग्रँडमास्टर झीगफ्रीड फॉन फॉइख्टवांगेनने मुख्यालय इथे आणलं. आपल्या मालकीच्या भूमीत, कोणत्याही राजाच्या हातापासून दूर. त्या दिवसापासून मालबोर्क ही एका देशाची राजधानी झाली.

आत शिरल्यावर मधल्या किल्ल्याच्या चौकात चार ग्रँडमास्टरांचे पुतळे ओळीने उभे आहेत : साल्झा, फॉइख्टवांगेन, विनरिख फॉन क्निप्रोडे आणि आल्ब्रेख्ट. पहिल्याने राज्याचा पाया घातला, दुसऱ्याने राजधानी आणली, तिसऱ्याने वैभव आणलं आणि चौथ्याने राज्य मोडलं. संपूर्ण इतिहास चार माणसांत सांगून होतो.

क्निप्रोडेची कारकीर्द १३५१ ते १३८२. त्या काळी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात लिथुआनियावर मोहिमा निघायच्या. लिथुआनियन लोक तेव्हा ख्रिस्ती नव्हते. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनीतले उमराव पुण्य आणि नाव कमवायला या मोहिमांना यायचे. पुढे इंग्लंडचा चौथा हेन्री झालेला बोलिंगब्रोक १३९० मध्ये येऊन गेला. त्यांच्यासाठी मेजवान्या झडायच्या त्या इथल्या मोठ्या भोजनगृहात. तीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद दालन, आणि सगळं छत तीन सडपातळ ग्रॅनाइटच्या खांबांवर. खांबातून फासळ्या फुटून वर पसरतात. इथे मान वर करून उभं राहिलं की हलवत नाही.

जमिनीत झाकणं असलेली भोकं आहेत. खालच्या भट्टीत दगड तापवायचे, आग विझली की वरची झाकणं उघडायची आणि गरम हवा दालनात येऊ द्यायची. धूर नाही, राख नाही. बाल्टिकच्या कडाक्याच्या थंडीत शेकडो पाहुण्यांचं दालन असं उबदार ठेवायचे. मी वाकून एका झाकणाशेजारच्या फरशीवर हात टेकला. फरशी थंडगार होती, पण सहाशे वर्षांपूर्वी याच भोकातून ऊब यायची हे कळल्यावर तिथून लवकर उठवेना.

वरच्या किल्ल्यात धर्मबंधू राहायचे. तिथला चौक वेगळाच आहे, मठासारखा. मधे विहीर, तिच्या छपरावर पेलिकन पक्षी. जेवताना बोलायचं नाही, एकाने धर्मग्रंथ वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, असा नियम. एकाच तटाच्या आत एकीकडे हे मौन आणि दुसरीकडे उमरावांच्या मेजवान्या. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर आठ मीटर उंचीची मेरीची मूर्ती आहे, काचेच्या तुकड्यांनी मढवलेली. १९४५ च्या लढाईत ती नष्ट झाली होती, २०१६ मध्ये पुन्हा उभी केली. त्या लढाईत अर्ध्याहून अधिक किल्ला उद्ध्वस्त झाला होता. आज जे दिसतं त्यातलं बरंच पोलिश कारागिरांनी जोडलेलं आहे. ज्या राज्याने पोलंडशी दोनशे वर्षं वैर केलं, त्याची राजधानी पोलिश लोकांनी वीट-वीट वेचून उभी केली. या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटला.

ग्रँडमास्टरच्या वाड्यातलं उन्हाळी भोजनगृह एका खांबावर उभं आहे. शेकोटीच्या वर भिंतीत तोफेचा दगडी गोळा रुतलेला दाखवतात. १४१० च्या वेढ्यात प्लाउएन आत सल्लामसलत करत असताना कुणा फितुराने खिडकीत लाल टोपी ठेवून खूण केली, पोलिश गोलंदाजाने खांबाचा नेम धरला आणि तो थोडक्यात हुकला, अशी दंतकथा आहे. खांब पडता तर छत आणि सगळे सरदार एकदमच गाडले गेले असते. कथा आपल्या गडावरच्या कथांसारखीच, गाइडच्या तोंडूनच ऐकावी.

खरी गोष्ट त्या गोळ्यापेक्षा मोठी आहे. ऑर्डरच्या हातून हा किल्ला वेढा घालून कुणी घेतला नाही. तो विकला गेला. १४५४ मध्ये नगरांनी बंड केलं आणि पोलंडच्या राजा काझिमिएझला आपला राजा मानलं. ऑर्डरकडे स्वतःची माणसं उरली नव्हती, म्हणून बोहेमिया आणि जर्मनीतून भाडोत्री सैन्य आणलं. त्यांच्या पगाराला पैसे नाहीत, म्हणून किल्लेच तारण दिले. पगार थकतच गेला. शेवटी उल्रिख चेर्व्होन्का या बोहेमियन सरदाराने मालबोर्क आणि आणखी काही किल्ले १,९०,००० सोन्याच्या नाण्यांना पोलंडच्या राजाला विकले. या पैशाचा मोठा भार उचलला तो बंडखोर नगरांनी. जून १४५७ मध्ये काझिमिएझ दरवाजातून आत आला; ग्रँडमास्टर लुडविग फॉन एर्लिखसहाउझेन क्यॉनिग्सबेर्गला निघून गेला.

सगळेच नागरिक ऑर्डरच्या विरोधात होते असंही नाही. मालबोर्क गावचा महापौर बार्थोलोमेउस ब्लूमे याने त्याच वर्षी गाव ऑर्डरसाठी परत मिळवलं, १४६० पर्यंत राखलं आणि पडल्यावर प्राण दिला. अशा माणसाची निष्ठा नजरेआड करून हा इतिहास सांगू नये.

चौथा दिवस : ग्दान्स्क

ऑर्डरचा ग्दान्स्कमधला किल्ला शोधायला जाऊ नका, तो नाही. १४५४ मध्ये तोरुनसारखाच तोही नागरिकांनी उतरवला. इथला राग आणखी जुना होता. १३०८ मध्ये ब्रांडेनबुर्गविरुद्ध मदतीला म्हणून पोलिश बाजूने ऑर्डरला बोलावलं. ऑर्डरने शहर स्वतःच घेतलं आणि मोठी कत्तल केली. तिथून पोलंडशी कायमचं वैर सुरू झालं.

उभी आहे ती मोठी गिरणी. रादुनिया कालव्यावर चौदाव्या शतकाच्या मध्यावर ऑर्डरने बांधलेली, अठरा पाणचक्क्यांची. उतरतं प्रचंड छप्पर लांबूनच दिसतं. आता तिथे अंबरचं संग्रहालय आहे, आणि ते योग्यच. बाल्टिकच्या वाळूत सापडणारा अंबर ही ऑर्डरची मक्तेदारी होती. किनाऱ्यावर राहणाऱ्याने वेचलेला तुकडा ऑर्डरच्या अधिकाऱ्याकडेच द्यायचा. स्वतःकडे ठेवणाऱ्याला फाशीपर्यंत शिक्षा. तो अंबर ब्रुज आणि ल्यूबेकला जायचा, तिथे त्याच्या जपमाळा व्हायच्या. भाचीने एक तुकडा उजेडात धरून दाखवला. मधाच्या रंगात एक डास अडकलेला, पायाचे केससुद्धा दिसत होते.

दुपारी सेंट मेरी चर्चमध्ये गेलो. विटांचं एवढं मोठं चर्च दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. इथे कोनराड लेत्सकाउची आठवण आहे. तो या शहराचा महापौर. १४११ च्या तहानंतर ऑर्डरने पोलंडला द्यायच्या खंडणीसाठी नगरांवर जादा कर बसवला. ग्दान्स्कने नकार दिला. लेत्सकाउ, आर्नोल्ड हेख्त आणि बार्थोलोमेउस ग्रोस यांना किल्ल्यात बोलणीसाठी बोलावलं आणि तिथेच ठार केलं. त्यांची प्रेतं नंतर नातेवाइकांच्या हवाली केली. बोलणीला आलेल्या पाहुण्याला मारणं ही गोष्ट लोक विसरत नाहीत. त्रेचाळीस वर्षांनी किल्ला पाडताना ग्दान्स्ककरांना लेत्सकाउ नक्की आठवला असणार.

पाचवा दिवस : ग्रुनवाल्ड आणि ओल्श्तिन

ग्रुनवाल्डचं रणांगण म्हणजे आज शेतं आणि एक टेकाड. त्यावर १९६० मध्ये उभारलेलं स्मारक. भाची म्हणाली, "इथल्या शाळांच्या सहली इथे हमखास येतात, मामा. जुलैत तर चिलखतं घालून लढाई करतात." आम्ही गेलो तेव्हा वाऱ्याखेरीज कुणी नव्हतं.

लढाईमागचं कारण समजलं की लढाईही समजते. १३८६ मध्ये लिथुआनियाचा राजा यागेलो याने बाप्तिस्मा घेतला आणि पोलंडची राणी याद्विगा हिच्याशी लग्न केलं. लिथुआनिया ख्रिस्ती झाला. ऑर्डरचं काम होतं धर्म न मानणाऱ्यांशी लढणं. आता लढायचं कुणाशी? पण मोहिमा थांबल्या नाहीत. बाप्तिस्मा खोटा आहे, असा प्रचार करून त्या चालूच राहिल्या.

१५ जुलै १४१० ला दोन्ही सैन्यं इथे समोरासमोर आली. यागेलो प्रार्थनेत रमला आणि ऑर्डरचं सैन्य उन्हात चिलखतात उभं राहिलं. ग्रँडमास्टर उल्रिख फॉन युंगिंगेनने दोन नंग्या तलवारी पाठवल्या : एक यागेलोला, एक त्याचा चुलतभाऊ व्हिताउतास याला, लढायला हिंमत यावी म्हणून. दिवस मावळेपर्यंत युंगिंगेन पडला होता आणि त्याच्याबरोबर दोनशेहून अधिक धर्मबंधू.

मला मात्र या मैदानात एक माणूस शोधायचा होता : खेल्म्नोच्या जमीनदारांचा निशाणधारी निकोलाउस फॉन रेनिस. ऐन लढाईत त्याने आपलं निशाण खाली केलं. ऑर्डरच्या कारभाराला कंटाळलेल्या स्थानिक जमीनदारांच्या संघटनेचा तो म्होरक्या होता. पुढच्या वर्षी ऑर्डरने त्याचा शिरच्छेद केला. पोलिश-लिथुआनियन सैन्याचं शौर्य वादातीत आहे. पण समोरच्या रांगेतलं एक निशाण आपल्याच लोकांनी उतरवलं, हेही या मैदानातच घडलं.

आणि विजयानंतरही राज्य पडलं नाही. यागेलो सावकाश निघाला, प्लाउएन त्याच्या आधी मालबोर्कला पोचला, वेढा सप्टेंबरात उठला. १४११ च्या तोरुनच्या तहात ऑर्डरची जमीन थोडीच गेली. बसली ती खंडणी, प्राग ग्रोशेन या चांदीच्या नाण्यांचे एक लाख साठके, म्हणजे साठ लाख नाणी. ती फेडायला कर, करातून लेत्सकाउचा खून, खुनातून १४४० चा संघ आणि १४५४ चं बंड. तेरा वर्षांच्या युद्धानंतर १४६६ च्या दुसऱ्या तोरुन तहात पश्चिम प्रशिया आणि मालबोर्क पोलंडकडे गेले, आणि उरलेल्या भागासाठी ग्रँडमास्टरने पोलंडच्या राजाचं मांडलिकत्व पत्करलं.

संध्याकाळी ओल्श्तिन. किल्ल्याच्या चौकात एक दगडी बाई बसवली आहे. खरं तर ती बाई नाही, लोक तसं म्हणतात. कमरेएवढा ग्रॅनाइटचा धोंडा, त्यावर चेहरा कोरलेला, हात पोटाशी, एका हातात शिंग. नाकडोळे जवळजवळ पुसले गेलेत. ही मूळ प्रशियन लोकांची मूर्ती. या मुलखात त्यांनी स्वतः घडवलेली वस्तू मी पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहिली. १२६० ते १२७४ त्यांनी मोठा उठाव केला. नेता हेर्कुस मोन्टे लहानपणी ओलीस म्हणून जर्मनीत वाढलेला. तिथली युद्धविद्या त्याने ऑर्डरवरच उलटवली. शेवटी तो पकडला गेला आणि १२८३ पर्यंत सगळा मुलूख ऑर्डरच्या हाती आला. त्यांच्या भाषेतले एल्बिंगच्या एका शब्दसंग्रहातले ८०२ शब्द, सोळाव्या शतकातली तीन छोटी धर्मपुस्तकं आणि थोडंफार इतर, एवढंच आपल्यापर्यंत पोचलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती भाषा बोलणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांचं नाव मात्र जिंकणाऱ्यांनी घेतलं आणि पुढे जगाला प्रशिया म्हटलं की जर्मन सैन्यच आठवू लागलं.

सहावा दिवस : वॉर्सा

भाची परत गेली, मी रेल्वेने वॉर्साला आलो. राष्ट्रीय संग्रहालयात यान मातेयकोचं ग्रुनवाल्डचं चित्र आहे, १८७८ चं, जवळजवळ दहा मीटर रुंद. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना ते नष्ट करायचं होतं. पोलिश लोकांनी ते जमिनीत लपवून वाचवलं. १९१४ मध्ये जर्मनांनी रशियनांवर मिळवलेल्या विजयाला मुद्दाम १४१० च्या लढाईचं त्यांच्याकडचं नाव, टॅनेनबर्ग, दिलं होतं. पाचशे वर्षांपूर्वीचा पराभव त्यांच्या मनात इतका ताजा होता.

याच शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. महायुद्धात सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आसरा मिळाला होता. तिथे जाऊन मी फुलं ठेवली.

सातवा दिवस : क्राकुफ

शेवट इथे झाला, १० एप्रिल १५२५ ला, भर चौकात. फरशीत बसवलेला फलक ती जागा दाखवतो. आजूबाजूला कबुतरं आणि घोडागाड्या. शेवटचा ग्रँडमास्टर आल्ब्रेख्ट होहेनत्सोलर्न हा पोलंडच्या राजा झिगमुंटच्या बहिणीचा मुलगा. मामाशी त्याचं युद्ध झालं, त्यात १५२१ मध्ये त्याचं सैन्य ओल्श्तिनवर चालून आलं आणि तिथली बचावाची तयारी कोपर्निकसने केली होती. युद्धातून काही हाती लागलं नाही. मग आल्ब्रेख्ट मार्टिन ल्यूथरला भेटला. पांढरा झगा उतरवून, लूथरचा पंथ पत्करून, मामापुढे गुडघे टेकून तो उठला तो प्रशियाचा ड्यूक म्हणून. धर्मसंघाचं राज्य त्या दिवशी वंशपरंपरागत जहागीर झालं. ज्या धर्मासाठी ते उभारलं होतं, त्याच धर्मातल्या फुटीने त्याच्यावर शेवटची मोहोर उठवली. ऑर्डर जर्मन मुलखात उरली. आज ती व्हिएन्नात मुख्यालय असलेला धर्मसेवेचा संघ आहे.

चौकातल्या जुन्या कापडबाजाराच्या वरच्या मजल्यावर मातेयकोचं या प्रसंगाचं चित्र आहे. राजवाड्याचा विदूषक स्टान्चिक त्यात चिंतेत बसलेला दाखवलाय. चित्रकाराला पुढचं ठाऊक होतं : १६१८ मध्ये हे राज्य ब्रांडेनबुर्गच्या घराण्याकडे गेलं, १७०१ मध्ये तिथे राजमुकुट आला आणि १७७२ मध्ये त्याच प्रशियाने पोलंडचा लचका तोडला. भाच्याला दिलेली ती सूट पोलंडला फार महाग पडली.

दुपारी वावेल टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये यागेलोची समाधी पाहिली. ग्रुनवाल्डला जिंकलेली निशाणं पूर्वी याच कॅथेड्रलमध्ये टांगलेली असत. मग विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, कोलेजियम मायुसच्या कमानीदार चौकात, जाऊन बसलो. पावेल व्वोत्कोविट्स या विद्यापीठाचा रेक्टर होता. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत त्याने ऑर्डरविरुद्ध पोलंडची बाजू मांडली. त्याचा मुद्दा सरळ होता : ख्रिस्ती नसलेल्या लोकांनाही त्यांच्या जमिनीवर आणि राज्यावर न्याय्य हक्क आहे, शांतपणे राहणाऱ्यांचा मुलूख सम्राट किंवा पोप दुसऱ्याला देऊ शकत नाही, तलवारीने केलेलं धर्मांतर हे धर्मांतरच नव्हे. म्हणजे साल्झाने मिळवलेल्या सगळ्या सनदांच्या मुळावरच हात. ऑर्डरच्या बाजूने फाल्केनबेर्ग नावाच्या धर्मगुरूने, पोलंडच्या राजाला मारणं पुण्याचं आहे, इथवर लिहिलं. त्या लिखाणाबद्दल पुढे त्यालाच तुरुंगात जावं लागलं.

प्रशियन लोकांसाठी हा युक्तिवाद सव्वाशे वर्षं उशिरा आला. पण समोगितियाची, म्हणजे लिथुआनियाच्या पश्चिमेकडची, सुमारे साठ माणसं स्वतः कॉन्स्टन्सला गेली आणि ऑर्डरने आपल्यावर काय काय केलं ते त्यांनी परिषदेपुढे सांगितलं. त्यांच्या बाप्तिस्म्याचं काम ऑर्डरकडे न देता यागेलो आणि व्हिताउतासकडे दिलं गेलं, आणि १४२२ च्या मेल्नोच्या तहात ऑर्डरने समोगितियावरचा हक्क कायमचा सोडला.